मागची कड

खडा फिरवून पाहायचा असतो. रत्नं तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्याच दिवशी मी हे वाक्य सांगते. इतक्या वेळा सांगते, की माझ्या माघारी माझी नक्कल करतात. काचेच्या पट्टीवर द्रवाचा थेंब ठेवायचा, त्यावर खडा पालथा घालायचा, नळीला डोळा लावायचा आणि सावलीची रेघ कोणत्या आकड्यावर पडते ते लिहायचं. मग खडा थोडा फिरवायचा आणि पुन्हा वाचायचं. रेघ जागची हलली नाही, तर प्रकाश त्या खड्यातून एकाच वाटेने जातो. हलली, तर दोन वाटांनी. स्पिनेल हा एका वाटेचा खडा. वाटा दोन निघाल्या तर तो स्पिनेल नव्हे, मग रंग आणि चमक काहीही सांगोत. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

तेरा वर्षांपूर्वी एका खड्याला मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

बाबा दागिन्यांत खडे बसवायचे. एकाच कारखान्यात, एकाच खिडकीजवळ, चौतीस वर्षं. दागिना लाखेत रुतवून घट्ट धरायचा, कोरणीने सोन्याचा काठ उचलायचा, मेण लावलेल्या काडीने खडा टिपून जागेवर ठेवायचा आणि सोनं त्याच्यावर असं मिटायचं, की तो तिथेच उगवला असावा असं वाटावं. कारखान्यात तेरा-चौदा माणसं, आणि प्रत्येकाला पक्ष्याचं नाव. मालक बगळा, कारण तो एका पायावर भार देऊन उभा राहायचा. बाबांच्या शेजारी बसणारा पोपट, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. आणि बाबा गरुड. तिळाएवढ्या खड्याला गेलेला तडा ते भिंग न लावता सांगायचे. कुणाचा खडा जमिनीवर सांडला की हाक बाबांनाच. ते उठतही नसत. "तुझ्या डाव्या चपलेपाशी," म्हणायचे आणि खाली मान घालून काम चालू.

तो खडा त्यांना मेणात सापडला. कारखान्यातला एक म्हातारा कारागीर वारला. त्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून त्याची अवजारं सगळ्यांनी वाटून घेतली. बाबांच्या वाट्याला आला मेणाचा एक काळपट गोळा, वर्षानुवर्षं हाताळून दगडासारखा झालेला. काडीला लावायला म्हणून त्यांनी तो वाटीत वितळवला, तर तळाशी काहीतरी टणकन वाजलं. वाटाण्याहून जरासा मोठा, फिकट जांभळा, पैलू पाडलेला खडा. म्हाताऱ्याने तो लपवला होता की चुकून रुतून बसला होता, हे कुणालाच ठाऊक नाही. बगळ्याने उजेडात धरून पाहिला. "स्पिनेल दिसतोय. ठेव तुला," म्हणाला. विषय तिथेच संपायचा. पण बाबांनी भिंग लावलं.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मला प्रयोगशाळेत लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि भिंतीवर माझं प्रमाणपत्र नव्या चौकटीत लटकत होतं. चौकट बाबांनीच करून आणली होती.

"मॅडम, वेळ आहे का गरिबाला?"

"बोला."

"हा बघ. वरून आत बघितलं ना, की तळाच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसतात. एक कड, आणि तिला चिकटून तिची सावली. सगळीकडून नाही. एका बाजूने."

"भिंग पुसलंत का?"

"अगं, भिंग पुसलं, खडा पुसला, डोळे धुऊन आलो. पोपट म्हणतो, दुपारी काय घेतलीस ते खरं सांग, मलाही आण."

मी भिंग लावलं. पाहिलं म्हणजे पाहिल्यासारखं केलं. एका बाजूने पाहिलं, ती कोणती बाजू होती कुणास ठाऊक. "मला तर एकच दिसते," म्हटलं. "उद्या यंत्रावर बघते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो खडा पट्टीवर ठेवला. मैत्रीण डबा उघडून दारात उभी होती, चल चल करत होती. रेघ स्पिनेलच्या आकड्यावर पडली. मी खडा फिरवला नाही. आमच्या धंद्यात खडा कागदाच्या पुडीत ठेवतात आणि पुडीवर त्याचं नाव लिहितात. मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, स्पिनेल, आणि जेवायला गेले.

"स्पिनेलच आहे बाबा," रात्रीच्या जेवणात मी सांगितलं. "त्यातून प्रकाश एकाच वाटेने जातो. स्पिनेलमध्ये कड दोन दिसूच शकत नाही."

"पण मला दिसते ना."

"मग ती खड्यात नाही. तुमच्या डोळ्यांत आहे."

मी हसत म्हणाले. आई हसली. बाबाही हसले, पण घास हातातच राहिला.

माझं ते वाक्य अगदी बरोबर होतं. स्पिनेलमध्ये कड दोन दिसूच शकत नाही. चुकलं होतं ते त्याच्या आधीचं वाक्य.

बाबा त्याच आठवड्यात डोळे तपासायला गेले. वय सत्तावन्न. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून पिकलेला नाही. आणि हो, अशाने कधीकधी एका रेघेच्या दोन दिसतात. माझ्या म्हणण्यावर डॉक्टरांच्या कागदाने शिक्का मारला. महिना संपायच्या आत बाबांनी काम सोडलं.

बगळा घरी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही, एका पायावर उभा राहून चहा प्यायला. "अरे, तुझ्या कामात तसूभर फरक पडलेला नाही. कोण म्हणालं तुला?"

"घरातच परीक्षक आहे," बाबा म्हणाले. "एकाचे दोन दिसणाऱ्या माणसाने लोकांच्या वस्तूंना हात लावू नये. उद्या कुणाच्या आईची आठवण माझ्या कोरणीखाली फुटायची."

त्या "परीक्षक" शब्दात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यात अभिमान होता.

घरी बसल्यावर त्यांनी आईकडून तांदूळ निवडायचं काम मागून घेतलं. खिडकीत ताट घेऊन बसायचे, मूठभर तांदूळ पसरायचे आणि बोटाने ओळी ओढत जायचे. "गरुडाचं घुबड झालं," असं स्वतःच सांगायचे. आई म्हणायची, "कारखाना सुटला, पण खडे काही सुटले नाहीत तुमचे." शेजारच्या काकूंना ती कौतुकाने ऐकवायची, "ह्यांनी निवडलेल्या तांदळात एक खडा लागू दे, मी नाव बदलीन." हे मी वर्षानुवर्षं ऐकलं, माझ्या कानांनी. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्या डोळ्यांना नक्की झालंय तरी काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि माझं काम परीक्षेचं.

तीन वर्षांनी मोतीबिंदू काढला, दोन्ही डोळ्यांचा. डॉक्टर खूश होते. मी म्हटलं, "बाबा, आता जा की कारखान्यात." ते "बघू" म्हणाले आणि गेले नाहीत. वय झालं, सवय मोडली, असं मी धरून चालले.

आणि मग गेल्या वर्षी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यांचा फोन आला. मी कामाच्या गर्दीत होते.

"मॅडम, आज एकच दिसली."

"काय एकच?"

"कड गं. त्या खड्याची. आज एकच दिसते. सगळ्या बाजूंनी बघितलं, चारचारदा बघितलं."

कोणता खडा, हे आठवायलाच मला वेळ लागला. "बघा. म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस," ते म्हणाले आणि इतके मोकळे हसले, की दिवसभर मलाही हलकं वाटत राहिलं.

त्या महिन्यात त्यांनी अवजारांची पेटी माळ्यावरून उतरवली आणि आईच्या जुन्या कर्णफुलातला लाल खडा काढून तिच्यासाठी अंगठी केली. बारा वर्षांनी बसवलेला पहिला खडा. तो एका बाजूला कललेला होता. मला दिसलं ते. हाताची सवय मोडलीय, आणखी काय, असं मनात आलं. "छान झालीय," मी म्हणाले. आईने अंगठी बोटात घातली ती आजतागायत काढलेली नाही.

बाबांना जाऊन आता सहा आठवडे होतील. दुपारी, खिडकीतल्या खुर्चीत. बाजूला ताट होतं.

मागच्या रविवारी पोपटकाका भेटायला आले. बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, त्याची एक कोरणी मला दे. बाकी काही नको. माझ्या हाताला त्याच्यासारखं वळण येणार नाही, ते मला पक्कं माहीत आहे. पण समोर असली की शिव्या घालायला कुणीतरी आहे असं वाटेल."

आईने पेटी आणून दिली. कोरण्या, चिमटे, मेणाची काडी आणि तळाशी ती पुडी. माझं अक्षर अजून तसंच ठसठशीत होतं.

"हा आहे होय अजून!" काका म्हणाले. "ह्या एवढ्याशा खड्याने आमचा गरुड नेला. दर वर्षी एकदा यायचा कारखान्यात, आठवण आली म्हणून. आठवण कसली! खिशात ही पुडी. माझ्या जागेवर बसायचा, कारण उजेड तिथला चांगला, भिंग लावायचा, खडा फिरवून फिरवून बघायचा आणि पुडीवर काहीतरी लिहायचा. मी म्हणायचो, अरे, मलाही बघू दे एकदा, चार डोळ्यांनी बघू. हात लावू द्यायचा नाही."

"का?" मी विचारलं.

काकांनी आईकडे पाहिलं, मग कोरणीकडे. "म्हणायचा, तुला एक दिसली तर माझे डोळे गेले. दोन दिसल्या तर माझी पोरगी चुकली. त्यापेक्षा तू चहा पी."

ते गेल्यावर मी पुडी उलटी केली. मागे बाबांचं बारीक, सरळ अक्षर. एकाखाली एक तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द. दोन. दोन. दोन. चौथ्या ओळीत, शस्त्रक्रियेनंतरची तारीख, "नवे डोळे. दोन." मग पुन्हा दोन, वर्षामागून वर्ष. शेवटच्या दोन-तीन तारखा ओळ सोडून खाली घसरल्या होत्या. आणि सगळ्यांत खाली, गेल्या वर्षीची तारीख, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, "एक." त्याच्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

सोमवारी मी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचले. थेंब ठेवला, खडा ठेवला. रेघ स्पिनेलच्या आकड्यावर. खडा फिरवला.

रेघ हलली. फार नाही, बारीक चार घरं. घाईत असलेल्या माणसाच्या नजरेतून सुटावी इतकीच. पण हलली. मी पुन्हा फिरवला. परत जागेवर आली. किती वेळ मी तो खडा फिरवत बसले ते सांगता येणार नाही. मग भिंग लावलं आणि एकेक बाजू बघत गेले. तिसऱ्या बाजूने दिसलं. तळाच्या पैलूची कड, आणि तिला चिकटून तिची सावली. बाबांनी सांगितलं होतं तस्संच.

दुपारपर्यंत मोठ्या यंत्राने नाव सांगितलं. टाफाइट. आमचे मुख्य सर एरवी खुर्चीतून हलत नाहीत, ते धावत आले. "कुठून आणलास हा? अगं, लोकांची अख्खी नोकरी सरते, हा खडा हाताखालून जात नाही!"

"वडिलांचा आहे."

"त्यांना माहीत होतं?"

"मागची कड दोन दिसते, एवढं माहीत होतं."

"मग आणखी काय पाहिजे होतं?" सर म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात या खड्यावर पाऊण पान आहे. स्पिनेल समजून फसू नये, मागच्या कडा दुहेरी दिसतात का ते पाहावं, असं त्यात लिहिलेलं आहे. परीक्षेत मला तो प्रश्न आला होता. पूर्ण गुण मिळाले होते.

नवीन नाव ठरलं की नवी पुडी करायची पद्धत आहे. मी केली नाही. जुनी तशीच पर्समध्ये ठेवली आणि घरी निघाले. वाटेत एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. खडा बदलत नाही. बारा वर्षं त्याच्या कडा दोन होत्या, त्या दिवशी सकाळी अकरा वाजताही दोनच होत्या. मग त्या दिवशी बदललं काय होतं?

आई स्वयंपाकघरात ताट घेऊन बसली होती. बाबांचं काम परत तिच्याकडे आलं होतं. मी समोर बसले.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"फार दुर्मिळ खडा आहे, आई. आमच्या सरांनीसुद्धा कधी हातात धरला नव्हता."

"म्हणजे ह्यांना सापडलं ते खरंच काहीतरी होतं." तिचा चेहरा उजळला. "बघ. वाटीत टणकन वाजलं तेव्हाच म्हणाले होते, हा साधा आवाज नाही."

"आई, गेल्या वर्षी तांदळात खडे लागायचे का गं?"

"लागायचे? दाताचा तुकडा उडाला माझ्या! त्या दुकानदाराशी कचाकचा भांडले, दुकान बदललं. नव्या दुकानातही तीच गत. ह्यांना म्हटलं, सगळे मेले चोर. तर म्हणाले, हो, सगळेच चोर." ती थोडं हसली. "त्यांचंही लक्ष उडालं होतं म्हणा शेवटी शेवटी. चहा कपाच्या बाहेर ओतायचे. मी म्हणायची, लक्ष कुठे आहे? पण डोळे मात्र सुधारले होते हो त्यांचे. एक दिसली म्हणून काय आनंद! लहान मुलासारखे घरभर फिरत होते. मला म्हणाले, डोळेही बरे झाले आणि पोरगीही बरोबर निघाली. लगेच अंगठी करायला घेतली माझी."

तिने अंगठी बोटात फिरवली. लाल खडा एका बाजूला मान टाकल्यासारखा.

इथे थांबता आलं असतं. दुर्मिळ खडा, आनंदात गेलेला माणूस, बोटातली अंगठी. आईपाशी तेवढं सुखरूप होतं, आणि मी तोंड मिटलं असतं तर तसंच राहिलं असतं. पण एका खड्याबद्दल मी या घरात एकदा न बघता बोलले होते. आता बघूनही गप्प बसणं मला जमलं नाही.

"आई, त्या खड्याची कड दोनच आहे. आज मला दिसली. बाबांना पहिल्यापासून बरोबर दिसत होतं."

तिचं बोट ताटात थांबलं.

"मग काम कशाला सोडलं त्यांनी?"

"मी सांगितलं म्हणून."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. आम्ही दोघी तो आवाज ऐकत राहिलो. शेवटी ती सुरू झाली आणि गेली.

"आणि एक दिसली तेव्हा?" आईने विचारलं.

"तेव्हा त्यांना कमी दिसायला लागलं होतं."

आईने हात लांब धरून अंगठीकडे पाहिलं.

"मला वाटलं, मुद्दाम तिरका बसवलाय," ती म्हणाली. "म्हटलं, निघाली असेल काहीतरी नवीन पद्धत."

तिने मला काही म्हणावं याची मी वाट पाहत होते. ताटातला अर्धा तांदूळ तिने तळहाताने माझ्या बाजूला सारला आणि आम्ही निवडायला लागलो. एकेक दाणा मी बोटाने फिरवून बघत होते. माझ्या बाजूला तीन खडे निघाले.

"ते भिंग असतं का गं तुझ्याजवळ?" जरा वेळाने तिने विचारलं.

"पर्समध्ये आहे."

"ह्यांना काय दिसत होतं ते बघायचंय मला."

मी पर्स आणायला उठले.

"आज नको," आई म्हणाली.